हसून नाही म्हणणारी नायिका

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात छातीएवढं चढलं. पाणी ओसरल्यावर खराटे आणि घमेली घेऊन आम्ही चिखल काढायला लागलो. वडिलांच्या सागवानी कपाटाचा खालचा कप्पा फुगून घट्ट बसला होता. तो पहारीने उचकटला, तर आतल्या व्हिडिओ कॅसेटींमधून गाळ गळत होता. वडिलांनी दूरदर्शनवरून एकेक करून टेप केलेले जुने मराठी चित्रपट होते ते. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर त्यांच्या बारीक अक्षरात नाव आणि तारीख. शाई उतरून गेली होती. मदतीला आलेल्या शेजाऱ्यांनी त्या कॅसेटी घमेल्यात टाकता टाकता मला धीर दिला, "जाऊ दे हो ताई, सिनेमेच ना? नेटवर मिळतील."

त्या आठवड्यात त्यांनी आमच्यासाठी जे केलं त्याचे उपकार फिटणारे नाहीत. पण ते वाक्य मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पुरात वाचनालयातली पुस्तकं भिजली तेव्हा गाव हळहळलं, आणि ते योग्यच झालं. चित्रपटांना, त्यातही प्रेमाच्या हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटांना, तेवढा मान आपण कधी दिलाच नाही. तो द्यायला हवा, कारण स्त्री-पुरुषांनी एकमेकांशी बरोबरीने कसं बोलावं याचं आपल्या भाषेतलं फार मोठं धन या चित्रपटांत आहे. आणि आज आपल्या जिल्ह्यातल्या तरुण पोरापोरींना त्याची नड आहे.

आधी 'नेटवर मिळतील' याबद्दल. काय मिळतं ते मी बघितलं आहे. कुठे सुरुवातीच्या पाट्या गायब, कुठे मधलं रीळच नाही, कुठे गाणी कापलेली, आणि आवाज असा की भिंतीपलीकडचं बोलणं ऐकतोय असं वाटावं. शोकपट अशा प्रतीतूनही पोचतो. आईच्या डोळ्यांतलं पाणी अंधुक दिसलं तरी आपल्याला गलबलतं. विनोदाला हे सोसत नाही. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं सरकतात. टॉकीजमध्ये रीळ तुटलं की ऑपरेटर फाटका भाग कापून दोन टोकं चिकटवायचा, आणि अशा प्रत्येक जोडाबरोबर काही चित्रं कायमची जायची. रडण्याच्या प्रसंगात अर्धा सेकंद गेला तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण विनोदी नट राजा गोसावी एक वाक्य बोलतात, थांबतात, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतात आणि मग दुसरं वाक्य हळूच सोडतात. ती थांबायची जागाच जोडात गेली, तर मागे उरतो एक बडबड करणारा माणूस. आजची मुलं ती प्रत बघतात आणि जुना विनोद पचकट होता म्हणून मोकळी होतात. त्यांच्यापर्यंत तो विनोद पोचलेलाच नसतो.

फिल्मच्या पट्टीचंही असंच. १९५० च्या आसपासपर्यंत चित्रपट नायट्रेटच्या पट्टीवर निघत. ती भडकन पेट घेते, आणि पेटली नाही तरी वर्षानुवर्षं पडून राहिली की चिकट होऊन शेवटी तिची तपकिरी भुकटी होते. नंतरच्या ॲसिटेटच्या पट्टीला ओलसर हवेत आंबूस वास सुटतो, ती आक्रसते. कित्येक जुन्या प्रती तर त्यांतली चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं ते १९६४ साली, म्हणजे आपल्याकडे चित्रपट निघायला लागल्यावर पन्नास वर्षांनी. त्याच पुण्यात २००३ साली नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि जुनी रिळं राख झाली. काय आधी वाचवायचं, कशावर पैसा घालायचा, याचा निर्णय कुणीतरी करत असतं. अशा वेळी यादीत भक्तिपट वर येतो, ऐतिहासिक वर येतो, पारितोषिक मिळालेला सामाजिक चित्रपट वर येतो. 'करमणुकीचा' म्हटलेला तळाला जातो.

ही खोड जुनी आहे, आणि तिचा एक दाखला आमच्या दाराशीच आहे. सांगलीतून चिंचांच्या सावलीतून जाणारा रस्ता हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर पोचतो. गोविंद बल्लाळ देवल या हरिपूरचे. त्यांचं 'संगीत शारदा' १८९९ चं. म्हाताऱ्याशी लहान मुलीचं लग्न लावण्याच्या चालीविरुद्धचं नाटक, म्हणून त्याला समाजसुधारणेच्या इतिहासात मानाचं पान आहे. त्यांचंच 'संशयकल्लोळ' मात्र 'धमाल नाटक' या दोन शब्दांत आटोपतं. आधी गद्यात 'तसबिरीचा घोटाळा' म्हणून लिहिलेलं, पुढे १९१६ साली संगीत होऊन रंगभूमीवर आलेलं. मूळ कथानक मोलिएरचं, इंग्रजीमार्गे आलेलं. पण देवलांनी ते असं मुरवलं की माणसांची नावंसुद्धा पंचांगातून उचलली. फाल्गुनराव, अश्विनशेठ, रेवती, कृत्तिका, भादव्या. एका तसबिरीवरून दोन जोडपी संशयाने पेटतात. आता यातला विचार बघा. नवऱ्याचा संशय हा आपल्या समाजात बाईच्या जिवावर उठणारा रोग आहे. देवल त्या संशयखोर नवऱ्याला मारत नाहीत की त्याच्यापुढे प्रवचन झोडत नाहीत. सगळ्या नाट्यगृहाला त्याच्यावर हसायला लावतात. एका नायकिणीच्या, म्हणजे नाचगाण्यावर जगणाऱ्या कलावंतिणीच्या, मुलीशी रीतसर लग्न करायला निघालेला शेठही त्याच नाटकात आहे. 'शारदे'इतकीच सुधारणा इथेही आहे. इथे ती हसत येते, म्हणून आपल्या हिशेबात धरली जात नाही.

आचार्य अत्र्यांच्या बाबतीतही आपण तेच केलं. १९५३ च्या त्यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी. ते प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असतं, आणि असावंच. पण त्याच अत्र्यांनी १९३८ साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्ससाठी 'ब्रह्मचारी' लिहिला होता, मास्टर विनायकांनी तो दिग्दर्शित केला होता आणि नायकही तेच होते. आज त्याचा विषय निघालाच तर नायिका मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखापुरता निघतो. त्या पोशाखाने तेव्हा मोठी खळबळ उडवली हे खरं. पण तो त्या चित्रपटातला एक प्रसंग आहे, आणि तो कुठे बसवला आहे ते बघायला हवं.

औदुंबर नावाचा एक तरुण ब्रह्मचर्यावरचं व्याख्यान ऐकून भारावतो. संसाराचे विचार सोडतो, भिंतीवरच्या नट्यांच्या तसबिरी काढतो, आश्रमात जातो. किशोरीला तो आवडतो. इथून पुढे सगळी हालचाल तिच्याकडून आहे. ती बोलायला जाते, ती खोडी काढते, पाण्यात उतरून गाणं म्हणते ती, आणि पळ काढतो तो. १९३८ साली! आपल्या आज्यांना नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घ्यायची चोरी होती त्या काळात पडद्यावरची एक मराठी मुलगी म्हणते की हा मला हवा आहे, आणि चित्रपट तिला शिक्षा करत नाही. ती वाया गेलेली ठरत नाही, तिला नदीत उडी घ्यावी लागत नाही. हसं होतं ते त्याच्या प्रतिज्ञेचं. गंभीर चित्रपटात असं वागणारी मुलगी त्या काळी शेवटपर्यंत टिकली नसती. विनोदाने तिला वाट काढून दिली.

या सगळ्या चित्रपटांत मला हे पुन्हा पुन्हा सापडतं. नायकाची फजिती होते, म्हणून नायिकेला हलायला जागा मिळते. ती त्याला उडवून लावते आणि त्याला ते सोसावं लागतं, कारण प्रेक्षक तिच्या बाजूने हसत असतो. नकार मिळालेल्या पुरुषाने काय करावं, याचं किती साधं उत्तर या चित्रपटांनी दिलं होतं! वरमावं, टोपी सारखी करावी, पुन्हा नीट बोलायचा प्रयत्न करावा, नाहीच जमलं तर मित्राच्या खोलीवर जाऊन चहा प्यावा. पुढच्या काळात, विशेषतः हिंदीत, मुलीच्या मागे महिनोन् महिने फिरणारा, तिची वाट अडवणारा नायक आला. तिचं 'नाही' हे 'हो'चंच दुसरं नाव आहे असं त्याने दोन पिढ्यांना शिकवलं. एकतर्फी प्रेमातून मुलींवर झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या आपण वाचतो. त्या सिनेमांमुळेच घडतात असं मी म्हणणार नाही, माणूस इतका सोपा नसतो. पण नकार पचवणारा, पचवताना हसवणारा पुरुष जर मुलांनी कधी बघितलाच नसेल, तर त्यांनी तो शिकावा कुठून?

१९५२ चा 'लाखाची गोष्ट' माझ्या फार जवळचा आहे. दिग्दर्शक राजा परांजपे, संगीत सुधीर फडक्यांचं, गीतं गदिमांची. दोन कफल्लक कलावंत मित्र. एक स्वतः परांजपे, दुसरे राजा गोसावी. श्रीमंत मुलीचा बाप अट घालतो, ठरलेल्या मुदतीत लाख रुपये उडवून दाखवा. ज्यांना उद्याच्या जेवणाची भ्रांत, त्यांना एकदम पैसे संपवायची भ्रांत पडते. लग्नाच्या बाजारात मुलाची किंमत पैशात करणाऱ्या रीतीची याहून हसरी तपासणी मी बघितलेली नाही. त्यातल्या 'सांग तू माझा होशिल का' या गाण्यात विचारते कोण? ती. मागणं तिचं आहे आणि त्याच्या उत्तराची वाट बघणंही तिचंच आहे.

ते लिहिणारे गजानन दिगंबर माडगूळकर आपल्या जिल्ह्यातले, आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याला जन्मलेले. माणदेश म्हटला की दुष्काळ, मेंढरं आणि बाभळी एवढंच आपण सांगतो. त्या माणसाने 'गीतरामायण' लिहिलं याचा अभिमान आपण बाळगतो, आणि त्याच हाताने लिहिलेला प्रेमातला खट्याळपणा मात्र रेडिओवरच्या गाण्यांपुरता ठेवतो. हे चित्रपट पुण्या-मुंबईचे, आपला त्यांच्याशी काय संबंध, असं मला इथे पुष्कळदा ऐकवलं जातं. त्यांच्या तोंडचे शब्द आटपाडीच्या मातीतून गेले आहेत, हा संबंध मला पुरतो.

'मुंबईचा जावई' हा १९७० चा चित्रपट तर लग्नानंतरच्या प्रेमाचा आहे. दिग्दर्शक राजा ठाकूर. माणसांनी भरलेल्या मुंबईच्या घरात नव्या जोडप्याला दोन घटका एकांत मिळत नाही, एवढीच गोष्ट. दोन वर्षांनी बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत 'पिया का घर' केला. तो हिंदी चित्रपट आवडीने सांगणारी माणसं मला भेटतात. त्याचं मूळ मराठी आहे हे त्यांना माहीत नसतं, आणि 'का रे दुरावा' हे गाणं पाठ असणाऱ्यांनाही ते कुठल्या चित्रपटातलं ते सांगता येत नाही. गाणी रेडिओने जगवली. चित्रपट कुणी जगवले नाहीत.

माझी भाची इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीच्या सुटीत तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी माझ्याबरोबर 'लाखाची गोष्ट' बघितला. पहिली वीस मिनिटं त्यांच्या हातात मोबाइल होते. मग एकीने ठेवला, मग दुसरीने. संपल्यावर भाची म्हणाली, "आत्या, ही माणसं एकमेकांशी बोलतात किती!" मला ते फार मोलाचं वाटलं. तिच्या वर्गातली मुलं-मुली दिवसभर एकमेकांना मेसेज करतात, आणि समोरासमोर आली की त्यांना विषय सुचत नाही. रुसवा, थट्टा, लटकं भांडण, कोपरखळी, शब्दाला शब्द लावून हळूच मनातलं सांगणं, ही सगळी आपल्या भाषेतली कसबं आहेत. ती ऐकून येतात. ऐकायलाच मिळाली नाहीत तर येणार कशी?

आणि हा नुसता हौसेचा प्रश्न राहिलेला नाही. ऊस आणि द्राक्षं असलेल्या आपल्या गावांतसुद्धा शेती करणाऱ्या मुलांची लग्नं जमेनाशी झाली आहेत हे घरोघरी माहीत आहे. वधू-वर मेळाव्यात मुलगा व्यासपीठावर येतो. नाव, शिक्षण, एकर आणि बागायत सांगून खाली उतरतो. पाहायच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी हातात घेऊन दोघांना पाच मिनिटं बाहेरच्या खोलीत बसवतात आणि त्या पाच मिनिटांत ते पगाराबद्दल बोलतात. मुलींच्या अपेक्षा वाढल्या, अशी तक्रार मी मांडवामांडवांतून ऐकते. अपेक्षा वाढल्या हे चांगलंच झालं. यातल्या पुष्कळ अपेक्षा पैशाच्या नाहीतच. माझ्याशी कुणीतरी नीट बोलावं, माझ्या बोलण्यावर हसावं, मी चिडवलं तर चिडू नये, एवढीच ती अपेक्षा असते. जमीन कमी म्हणून अडलेली लग्नं चित्रपट बघून जमतील असं मी म्हणत नाही. पण आपल्या मुलांना ट्रॅक्टर चालवायला शिकवणाऱ्या आपण, बाईमाणसाशी बरोबरीने बोलायला त्यांना कधी शिकवलं?

या चित्रपटांतले दोष मी झाकणार नाही. त्यातलं जग बरंचसं एका जातीचं आणि एका पेठेचं आहे. मोलकरीण आली की ती विनोदासाठी, सावळी किंवा जाड मुलगी आली की तीही विनोदासाठी. दोन तास मोकळी फिरलेली नायिका शेवटच्या रिळात पदर सावरून सासूच्या पाया पडते. मलाही ते खटकतं. पण खटकतं म्हणून दाखवायचंच नाही, तर मग 'संशयकल्लोळ'ही बंद करावं लागेल. दाखवावं आणि त्यावर बोलावं. शिवाय हा प्रवाह एका पेठेत संपत नाही. ढोलकीच्या फडातले सवाल-जवाब हे स्त्री-पुरुषांच्या बरोबरीच्या थट्टेचं केवढं मोठं रूप आहे! समोरच्याला कोड्यात पकडणारी, हरवणारी, हरवून हसणारी बाई तिथे कित्येक पिढ्या उभी आहे. १९७१ च्या 'सोंगाड्या'तला दादा कोंडक्यांचा भोळा नायकही याच घरातला. बाई पुढे आणि तो बावचळलेला. पुढे द्व्यर्थी संवादांच्या चर्चेत ते भाबडेपण मागे पडलं. 'ब्रह्मचारी' आणि 'सोंगाड्या' एकामागोमाग एक दाखवले, तर दोन्हीकडची माणसं एकाच कारणासाठी हसतात हे दिसेल, आणि जात-पेठेच्या भिंतींबद्दल बोलायलाही तिथे तोंड फुटेल.

आता करायचं काय? कायद्याची बाजू आधी बघू. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे १९३८ चा 'ब्रह्मचारी' आणि १९५२ चा 'लाखाची गोष्ट' त्या अर्थाने मोकळे झालेले आहेत. कथा आणि गीतं यांचा हक्क मात्र लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालतो, त्यामुळे एखाद्या मंडळाला किंवा शाळेला खेळ लावताना मनात धाकधूक असते. ही धाकधूक शासनाने एकदाच दूर करावी. वारसांशी बोलावं, त्यांना मानधन द्यावं आणि अशा चित्रपटांची एक यादी जाहीर करावी, जी कुठलंही गाव विनाशुल्क दाखवू शकेल. स्वच्छ केलेल्या प्रती आधी त्याच यादीतल्या चित्रपटांच्या निघाव्यात, आणि विनोदी चित्रपटांच्या आवाजावर सगळ्यात जास्त मेहनत घ्यावी.

सांगलीला तर यासाठी नवं काही बांधायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते या गावात. दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो, भाव्यांच्या नावाचं पदक दिलं जातं, आणि नाट्यपंढरी म्हणून आमची मान ताठ होते. ५ नोव्हेंबर नाटकाचाच राहू दे. ६ तारखेची संध्याकाळ या चित्रपटांना द्या. देवलांच्या गावाजवळ, माडगूळकरांच्या जिल्ह्यात, मोठ्या पडद्यावर, पूर्ण अंधारात, शेकडो माणसांच्या हसण्यात. शेजारचा हसला की आपल्याला हसू फुटतं. घरी एकट्याने मोबाइलवर बघताना विनोदाची निम्मी ताकद तिथेच जाते. शिवाजी विद्यापीठाच्या मराठीच्या अभ्यासक्रमात एखादी पटकथा लागली तर मला आनंदच होईल. पण अभ्यासाच्या आधी हसू यावं, हा क्रम बदलू नये.

आमच्या गल्लीत पूर्वी गणपतीत रस्त्यावर पडदा लावत. दोन्ही बाजूंना माणसं बसायची. माझी आजी कायम पडद्यामागे, कारण तिथे गर्दी कमी आणि भिंतीला पाठ टेकता यायची. तिला पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसायची, पण तिचं वाचता येण्यावाचून काही अडलेलं नव्हतं. ती पदर तोंडाला लावून हसायची. घरात तिला मोठ्याने हसताना मी कधीच बघितलं नाही. त्या चार-पाच रात्री मात्र ती आणि गल्लीतल्या सगळ्या बायका अंधारात एकदम हसायच्या, आणि पुढच्या बाजूला बसलेले पुरुष वळून बघायचे.

यंदा मंडळाच्या पोरांशी मी बोलले. एक रात्र द्यायला ते तयार झाले. प्रोजेक्टर भाची आणि तिच्या मैत्रिणी जोडणार आहेत, आवाजाची पेटी मंडळाची आहे. पडद्यासाठी पांढरं कापड कापडपेठेतून आणून मी दुहेरी शिवून घेतलं, पण त्यामुळे मागच्यांना दिसणार नाही हे लक्षात आलं आणि ते पुन्हा उसवलं. चित्रपट 'लाखाची गोष्ट'. पडद्याची दोरी एका बाजूला आमच्या खिडकीच्या गजाला बांधता येते, दुसऱ्या बाजूला काही सापडत नव्हतं. पुरात चिखल काढायला आलेले ते शेजारी परवा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, दोरी आमच्या गच्चीच्या कठड्याला बांधा. आणि मागच्या बाजूला खुर्च्या मी टाकतो, आमच्या आईला तिथनंच बघायचंय."